पार्वतीबाईच्या यादीतली सून

पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत कुणाची पाळी चुकली, हे त्या बाईच्या नवऱ्याआधी रेणुकाला कळायचं. ही काही बढाई नव्हे. म्हणजे बढाईच होती, आणि ती रेणुका स्वतःच मारायची. पण परभणीसारख्या शहरात चौदा वर्षं आशाचं काम केल्यावर एवढी बढाई मारायचा आपल्याला हक्क आहे, असं तिचं प्रामाणिक मत होतं. वस्तीत साडेचारशे घरं. कुठं कोण गरोदर, कितवा महिना, कुणाला लोहाच्या गोळ्या पचत नाहीत आणि कोण त्या गोळ्या माठामागं दडवून ठेवतं, सगळं तिच्या डोक्यात. ती लांबून येताना दिसली की नवीन लग्न झालेली पोरं गल्ली बदलायची, कारण रेणुका भर रस्त्यात विचारायची, "काय रे, बायकोची तारीख कवा होती?"

आवाज तर असा खणखणीत की रुळापलीकडं ऐकू जावा. "पाळी चुकली की आठ दिवसांत मला सांगायचं. दडवायचं न्हाई. दडवून काय मिळतं?" हे तिचं भाषण वस्तीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं.

तर अशा ह्या रेणुकाबाईंच्या स्वतःच्या घरात सून चार महिन्यांची गरोदर होती, आणि ही गोष्ट माहीत नसलेली बाई अख्ख्या वस्तीत एकच होती.

सून प्रियांका, चारठाण्याकडची. लग्नाला अडीच वर्षं झालेली. रेणुकाचा मुलगा आदिनाथ मोंढ्यात आडतीवर कामाला जायचा आणि प्रियांका घरी शिलाई करायची. पोरगी कामाला चपळ, बोलायला कमी. सासूला ती तिकडच्या रिवाजानं आत्या म्हणायची. दिवाळीनंतर तिनं चहा सोडला. लसणाची फोडणी पडली की नाकाला पदर लावून अंगणात जायची. सकाळी मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसायची. पहिलीपास माणसालाही कळलं असतं. रेणुकानं निदान केलं ॲसिडिटी, आणि गुलाबी औषधाची बाटली आणून दिली.

बाटली संपली तरी फरक पडेना, तेव्हा रेणुकाला वाटलं की ही नखरे करतेय. आठ-दहा दिवसांनी येणारं नळाचं पाणी भरायला सगळ्या बायका जमल्या होत्या, तिथं तिनं गाऱ्हाणं मांडलं. "माझ्या हातची फोडणी बाईसाहेबांना वास मारती. दोन महिने झाले, ॲसिडिटी म्हणून नुसतं तोंड वाकडं."

"होईल कमी," एक जण म्हणाली, "पाच-सहा महिन्यांत."

"ॲसिडिटीला सहा महिने कशाला लागतेत?" रेणुकानं विचारलं, आणि बायका एवढ्या हसल्या की एकीची घागर कलंडली. आपण काहीतरी मजेशीर बोललो असं वाटून रेणुकाही हसली. पुढं कितीतरी दिवस तिला हे आठवलं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची तपासणी असायची. महापालिकेची एक बैठी इमारत होती. अर्ध्या भागात आरोग्य केंद्र, अर्ध्या भागात पाळणाघर, मधल्या दाराला पडदा. जिनिंगला, डाळ मिलला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया सकाळी सातला लेकरं पाळणाघरात टाकून जायच्या. तिथली सेविका तानुबाई, रेणुकाची जुनी मैत्रीण. त्या नऊ तारखेला रेणुका आपल्या सात बायांना घेऊन आली, त्यांना बाकावर ओळीनं बसवलं, कार्डं तपासली, एकीला पाणी पी म्हणून दटावलं. एवढ्यात सिस्टरनं आतून पुकारा केला, "पार्वतीबाईच्या यादीतल्या या. प्रियांका आदिनाथ."

पार्वतीबाई म्हणजे शेजारच्या वॉर्डाची आशा. दोन वॉर्डांच्या हद्दीवरची तीन घरं नेमकी कुणाची, ह्यावरून दोघींचं चौदा वर्षं वाकडं. प्रियांका आदिनाथ नावाची दुसरी कुणी असेल, असं मनात येतं न येतं तोच बाकाच्या टोकावरची एक बाई उठली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. पण अंगावरचा पिवळा ड्रेस रेणुकानंच दिवाळीला घेऊन दिलेला.

आणि ह्या क्षणीसुद्धा, चौदा वर्षं अनुभवाच्या रेणुकाबाईंच्या मनात काय आलं असेल? ॲसिडिटीचं औषध न्यायला आली वाटतं. मग तिला सुनेच्या हातातलं माता-बाल कार्ड दिसलं. तसली शेकड्यानं कार्डं तिनं स्वतः वाटली होती.

तिनं हाक मारायला तोंड उघडलंही. पण प्रियांका ते कार्ड पोटाशी घट्ट धरून चोरासारखी इकडंतिकडं बघत होती. ते बघितलं आणि रेणुकानं तोंड मिटलं. मागच्या साली काय झालं होतं ते तिच्यापुढं उभं राहिलं.

मागच्या साली प्रियांकानं सांगितलं होतं. अगदी सासूच्या भाषणाबरहुकूम, आठव्या दिवशी. रेणुकाला आभाळ ठेंगणं झालं. त्याच आठवड्यात वस्तीतल्या बायांच्या सभेत तिनं सुनेला सगळ्यांसमोर उभं केलं, "आपल्या घरापासून सुरुवात" म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लावल्या. पेढे वाटले. अडीच महिने होत आले आणि सगळं वाहून गेलं. मग वस्तीतल्या साठ-सत्तर बाया एकेक करून भेटायला आल्या. काही जड उचललं होतं का, काही खाल्लं होतं का, कुणाची नजर लागली का. रेणुकानं एकेकीला चहा केला आणि एकेकीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोरगी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची आणि तिला सगळं ऐकू जायचं. ह्या गोष्टीचा रेणुकानं आजवर एकदाही विचार केला नव्हता. तिला आपलं वाटत होतं की लोक आले, माणुसकी दिसली.

सिस्टरच्या टेबलाकडं जाताना प्रियांका वळणार असं दिसलं, तशी रेणुका मागच्या मागं सरकली आणि पडद्यातून पाळणाघरात शिरली. अठ्ठ्याहत्तर किलोची बाई दाराआड दडायला जाते तेव्हा दारालाही कळतं. झोळीत निजलेली दोन लेकरं दचकून उठली.

"काय गं, कोण मागं लागलंय?" तानुबाईनं विचारलं.

"सून हाय तिकडं. गप बस."

तानुबाईनं रडणारं एक लेकरू उचलून तिच्या हातात दिलं. "उभीच हायस तर घे हिला. हिची आई डाळ मिलवर गेलीय, सकाळपासून भोकाड पसरलंय." रेणुकाला अंगाई म्हणायची सोय नव्हती, आवाज पलीकडं ओळखला गेला असता. ती नुसतीच हलत राहिली. जन्मात पहिल्यांदा ती लेकरू न बोलता खेळवत होती, आणि लेकरूही बहुतेक नवल वाटून गप झालं.

"तुला आज कळलं?" तानुबाई हळूच म्हणाली. "मला वाटलं होतं तुला माहीत हाय अन् तू मुद्दाम गप हायस." मग तिनंच मान हलवली. "पण तू अन् गप. माझंच चुकलं."

प्रियांका तपासून गेल्यावर रेणुकानं पार्वतीबाईला फाटकापाशी गाठलं. चौदा वर्षांत दोघी पहिल्यांदाच भांडणाशिवाय समोरासमोर उभ्या होत्या, त्यामुळं सुरुवात कशी करावी हे दोघींनाही कळेना.

"तिची मावशी माझ्या वॉर्डात ऱ्हाती. तो पत्ता दिला तिनं," पार्वतीबाई म्हणाली. "हात जोडले पोरीनं माझ्यापुढं. म्हणली, आत्याला सांगू नका, सगळ्या वस्तीला कळंल."

"वस्तीला तर कळलंच हाय म्हणं."

"कळलंय. पण वस्ती तिच्यापुढं गप हाय. तुला कळल्यावर तू गप बसणारी हायस का?"

रेणुकानं फाटकाची कडी काढली, परत लावली. पार्वतीबाईला दया आली असावी. तिनं सरळच सांगितलं. प्रियांकाचं रक्त आठ भरलंय. वजन वाढेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की तपासणी एकही चुकवायची नाही आणि जिवाला शांत ठेवायचं. पण पोरीच्या मनात भीती बसलीय की सासूनं ह्याही वेळी गवगवा केला की हेही टिकणार नाही. गवगवा झालाच तर आपण चारठाण्याला बापाकडं निघून जाऊ, असं ती म्हणालीय.

चारठाण्याहून जिंतूरच्या दवाखान्याला न्यायचं तर बापाला दिवस मोडावा लागणार. तो मोडेल? आठ रक्ताची पोरगी तिकडं गेली तर एकही तपासणी होणार नाही, हे रेणुकाला सांगायला कुणी नको होतं. असली उदाहरणं तिनं नावासकट पाठ केली होती.

"मंग मी काय करू?" तिनं विचारलं.

पार्वतीबाईनं हा प्रश्न मनात नीट साठवून घेतला, जन्मभर पुरवायचा होता. मग म्हणाली, "काही करू नको. तेच तर तुला जमत न्हाई."

त्या दिवसापासून रेणुकानं काही न करायला सुरुवात केली, आणि त्यात तिची कंबर मोडली. अक्षरशः. प्रियांकानं पाण्याची घागर उचलू नये म्हणून "मला व्यायाम सांगितलाय डॉक्टरनं" असं म्हणत तिनं सगळं पाणी एकटीनं भरलं. तिसऱ्या दिवशी तिला भिंत धरून उठावं लागलं. रक्त वाढावं म्हणून खारीक, शेंगदाणे आणि गुळाचे लाडू केले. कुणासाठी, तर स्वतःसाठी. "माझं रक्त कमी निघालंय. एकटीला गिळत न्हाई, तूबी एक घे माझ्यासंगं." प्रियांका एक लाडू खायची, सोबत म्हणून रेणुकाला एक खावा लागायचा, कधी नाटक खरं वाटावं म्हणून दोन. सुनेचं वजन महिन्याभरात दीड किलो वाढलं आणि सासूचं तीन. ही बातमी तिला पार्वतीबाईकडून मिळायची. बातमीसाठी दर दोन दिवसांनी तिच्या दारात जायचं आणि तिचा पाणीदार चहा गोड मानून प्यायचा.

लसूणही बंद केला. "मला ॲलर्जी आलीय लसणाची," असं घरात जाहीर केलं. नवऱ्यानं, राधाकिशननं, तीन आठवडे बिनलसणाचं वरण मुकाट खाल्लं आणि एक दिवस ताट सरकवलं. प्रियांका मावशीकडं गेलेली होती.

"पोरीला वास सोसंना, असं सरळ सांग की. माझ्या तोंडाची चव कशाला घालवायलीस?"

रेणुका त्याच्याकडं बघतच राहिली. "तुमाला कवापासून माहीत हाय?"

"पोरानं दिवाळीनंतरच सांगितलं."

"मला का न्हाई सांगितलं?"

राधाकिशननं सभेतल्या भोंग्याकडं बघावं तसं बायकोकडं बघितलं आणि हात धुवायला उठला.

ह्यातलं सगळ्यात अवघड काय होतं, तर आपण मूर्ख नाही हे कुणालाही सांगता न येणं. कंबरेचं दुखणं परवडलं. पण गल्लीतून जाताना बाया विचारायच्या, "काय म्हणती सुनेची ॲसिडिटी?" आणि रेणुकाला म्हणावं लागायचं, "लय वाढलीय बाई." पाठीमागं खसखस पिकायची. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, ती बाई महिनाभर अख्खं लेकरू तोंडात धरून हिंडत होती. रात्री अंथरुणावर पडली की ती स्वतःशीच भाषण करायची. रेणुकाबाई, शाबास, तुमच्या घरात पाच जीव आणि तुम्हाला ठाऊक चारच. टाळ्या वाजवा. मग तिला हसू यायचं आणि हसता हसता डोळे भरायचे. पोरीनं आपल्याला एवढं भ्यावं, हे तिला सहन होत नव्हतं.

जानेवारी संपता संपता पाणी आलं, तेव्हा कंबर धरून बसलेल्या सासूला मदत म्हणून प्रियांका रिकामी कळशी घेऊन नळावर आली. स्वेटर घातला होता तरी पोट आता लपत नव्हतं. बायकांच्या नजरा एकमेकींना भिडल्या. त्यातली एक जरा जास्तच आगाऊ होती. तिला राहवलं नाही.

"रेणुकाताई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सुनेचं पोट दिसायलंय की वो."

हातातली कळशी प्रियांकानं पोटापुढं धरली आणि ती पायाकडं बघत उभी राहिली. ती आता इथूनच चारठाण्याची गाडी धरणार, असं रेणुकाला वाटलं.

"लाडू खाऊन सुटलंय," रेणुका म्हणाली. "महिनाभर शेंगदाण्याचे लाडू चालू हायेत आमच्या घरी. हे बघ, माझं तर तिच्या दुप्पट सुटलंय." आणि पदर बाजूला करून तिनं स्वतःच्या पोटावर दोन थापा मारल्या.

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. चौदा वर्षांची आशा, पाचवा महिना समोर उभा, आणि म्हणते लाडू. रेणुकाही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. तिच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या होत्या. ह्या गडबडीत प्रियांकाकडं बघायचं तिला धाडस झालं नाही. तिनं बघितलं असतं, तर एकटी तीच हसत नव्हती, हे तिला दिसलं असतं.

हा विनोद वस्तीतून केंद्रावर पोचायला तीन दिवस लागले. नव्या आशांना शिकवायला म्हणून त्या वर्षी रेणुकाची निवड झालेली होती. ती बातमी अर्थातच तिनं गल्लीतल्या दगडालाही सांगितलेली. महिन्याच्या बैठकीत सुपरवायझर मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रेणुकाताई, तुम्हाला लाडू आणि गरोदरपण ह्यातला फरक कळत नाही असं वस्तीत बोलतात. हसतात लोक. नव्या मुलींना मी तुमच्याकडं कशी पाठवू?"

बावीस आशा माना खाली घालून हसत होत्या. पार्वतीबाई तेवढी ताडकन उठायला लागली. "मॅडम, तिला—"

रेणुकानं तिच्या साडीचा काठ धरून तिला खाली बसवलं. इथं एक शब्द निघाला तर संध्याकाळपर्यंत बावीस तोंडांनी तो घरी पोचणार होता. "चूक झाली मॅडम," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढलाय माझा."

शिकवायचं काम दुसऱ्या बाईला मिळालं. परत येताना रिक्षात रेणुका ढसाढसा रडली. पार्वतीबाईनं तिला आपला रुमाल दिला.

घरी आली तेव्हा प्रियांका भाकरी थापत होती. रेणुका हातपाय धुऊन गुपचूप ज्वारीचं पीठ चाळायला बसली. दोन भाकरी होऊन टोपल्यात पडल्या.

"आत्या, मावशीचा फोन आला होता. शिकवायचं काम गेलं म्हणं तुमचं."

"गेलं तर गेलं. कुणी बोलायचं एवढं तासतास."

प्रियांकानं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमाला कवा कळलं?"

"काय?"

"आत्या."

रेणुकानं चाळणी खाली ठेवली. "गेल्या नऊ तारखेला."

प्रियांका मोजत होती, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. "महिना होत आला की. महिनाभर तुमी गप बसल्या?"

"लय त्रास झाला गं," रेणुका म्हणाली. तिला काही खोटं सुचलंच नाही.

प्रियांकाला हसू फुटलं. हसता हसता पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले, आणि गालावर पीठ तसंच राहिलं. रेणुकाला खूप बोलायचं होतं. मागच्या सालाबद्दल, त्या सभेबद्दल, त्या साठ-सत्तर कप चहाबद्दल. "माझं चुकलं होतं," एवढंच ती म्हणाली, तेही इतक्या हळू की तिचं तिलाच नवल वाटलं.

भाकरी करपायला लागली तशी प्रियांकानं ती उतरवली. "परवा नऊ तारीख हाय. सोबत चला. पण तिथं काही बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत."

नऊ तारखेला रेणुका आपल्या बायांना सिस्टरच्या हवाली करून पार्वतीबाईच्या रांगेत जाऊन बसली. "नातेवाइकांनी कडंला बसा," पार्वतीबाईनं तिला सुनावलं आणि रेणुका खरंच कडंला सरकली. ती एवढी गप बघून सिस्टरनं तिलाच दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. प्रियांकाचं रक्त साडेनऊ भरलं. ते ऐकून रेणुकावर ओठ दाताखाली दाबायची वेळ आली, आणि तिनं ते दाबले.

आत डॉक्टरीणबाईंनी प्रियांकाच्या पोटाला जेल लावलं आणि हातातलं यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. मग त्यातून ठोके यायला लागले, भराभर, एकामागं एक. हा आवाज रेणुकानं हजारदा ऐकला होता. दर वेळी ती शेजारच्या खोलीत जाईल अशा आवाजात ओरडायची, "ऐकलंस का गं, घोडं पळायलंय!" आज ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

प्रियांकानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "आत्या, बोला की आता."

रेणुकानं तोंड उघडलं. काही म्हणजे काही बाहेर येईना. डॉक्टरीणबाईंनी यंत्र उचलायला हात हलवला, तसं तिनं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं आणि तिथंच धरून ठेवलं.